पांढऱ्यावर पिवळं

कामाला लागल्या लागल्या प्रियंकानं माझ्या दुकानात पहिलं भांडण केलं ते रंगावरून. दिग्रसच्या बसस्टँडसमोर माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि अलीकडं दुकानदारांच्या वेबसाइट, असं सगळं आम्ही करतो. भांडण झालं ते जिनिंगच्या एका मालकाशी. त्यांना लाल रंगावर हिरव्या अक्षरांची वेबसाइट हवी होती, कारण त्यांच्या रुईगाठींवरचा शिक्का तसा आहे. प्रियंका म्हणाली, "शेठजी, हे वाचता नाही येत." शेठजी म्हणाले, "मले तर येते." "तुमाले येते, कारण त्यात काय लिहेल हाय ते तुमाले आधीच माहीत हाय." मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. पोरीनं पाय बाजूला घेतला आणि बोलणं चालूच ठेवलं.

शेवटी ती वेबसाइट पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची झाली आणि लाल-हिरवा कसाबसा वरच्या पट्टीत मावला. शेठजी खूश झाले नाहीत, पण काम काढूनही घेतलं नाही. उज्ज्वलाचं डोकं फार लवकर तापतं, असं माझे सासरचे-माहेरचे दोन्ही तांड्यांत सांगत फिरतात. या पोरीपुढं मी अगदी गरीब गाय ठरले.

रंग तपासायची तिची एक रीत होती, आणि ती आमच्या दुकानात चेष्टेचा विषय झाली होती. काम झालं की ती मोबाइल घेऊन घरी जाई, भर दुपारी आईला अंगणात उभी करी आणि म्हणे, "वाच." आई म्हणजे इंदूबाई. शाळेत मुलांची खिचडी शिजवून शिजवून त्यांचे डोळे धुरानं गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, शिक्षण चौथीपर्यंत. त्या स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं लावत वाचायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "दिसते वो," नाहीतर "नाही दिसत." नाही दिसत म्हटलं की प्रियंका मुकाट्यानं परत येऊन रंग बदलायची. ज्या पोरीनं शेठजींचं ऐकलं नाही, ती तिथं एक अक्षर बोलायची नाही.

मी एकदा विचारलंच, "काहून वो, गावात दुसरं कोणी शिकेल-सवरेल भेटलं नाही काय तुले?"

"शिकेल लोकं अंदाजानं वाचते, मॅडम. आई अक्षर पाहूनच वाचते. अन् लोकं काय एसीत बसून पाह्यतीन? वावरात पाह्यतीन, उन्हात, फुटक्या काचेवर."

तिचं म्हणणं बरोबर होतं. ते मला मान्य करावं लागलं आणि त्याचा मला रागही आला.

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती तिच्या धाकट्या भावाला, संघदीपला पाहायला. तो तेव्हा नुकताच दवाखान्यातून घरी आला होता. मी समजत होते, तापबीप असेल. बघते तर बावीस-तेवीस वर्षांचं पोर खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं, डोळे पिवळट, आणि वडील डोमाजी त्याच्या पिंढऱ्या गरम फडक्यानं शेकताहेत. डोमाजी जिनिंगमध्ये प्रेसवर काम करतात. एवढाल्या गाठी उचलणारा माणूस, पण फडकं असं टेकवत होता की पोराला हाताचा भारसुद्धा लागू नये. मी केळी नेली होती, ती ठेवून दिली आणि पंख्याकडं पाहत बसले.

सिकलसेल आमच्या भागाला नवा नाही. शिबिरात रक्त तपासतात आणि कार्ड देतात. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. पूर्ण पिवळं म्हणजे आजार. अर्धं पांढरं आणि अर्धं पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण रक्तात तो दोष आहे, त्याला वाहक म्हणतात. अर्ध्या कार्डाच्या माणसानं पांढऱ्या कार्डाशी लग्न केलं तर काळजी नाही. पण दोन अर्धी कार्डं एकत्र आली की दर मुलाच्या वेळी जीव टांगणीला, कारण मूल पूर्ण पिवळं निघू शकतं. डोमाजी आणि इंदूबाई दोघंही अर्धेच. त्यांच्या लग्नाच्या वेळी कोणी तपासलंच नव्हतं. प्रियंका अर्ध्यावर सुटली आणि संघदीपच्या वाट्याला पूर्ण आलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या समाजाचं वधू-वर मंडळ आमच्याकडं वेबसाइट करायला आलं. अध्यक्ष उकंडाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. माणूस मनानं चांगला, फक्त स्वतःचं बोलणं स्वतःलाच फार आवडतं. त्यांना सगळी वेबसाइट निळी हवी होती, गडद निळ्यावर फिकट निळी अक्षरं.

"उकंडाजी, निळ्यावर निळं कसं वाचतीन लोकं?" प्रियंका म्हणाली.

"पोरी, निळा आपला रंग हाय."

"मंग त्याले वर झेंड्यासारखं ठेवू ना. त्याच्यात अक्षरं कायले बुडवता?"

यावर ते हसले आणि हरले. वरची पट्टी निळी, खाली पांढरं, नावं काळी. पोरगी खुशीत होती. मला वाटलं, झालं, आता हे काम सरळ पार पडेल.

मग सिकलसेलची गोष्ट निघाली. प्रत्येक मुलामुलीच्या माहितीत कार्डाची एक ओळ लिहायची, असं मंडळानं ठरवलं होतं. घरच्यांची संमती घेऊन, आणि फक्त नोंदणी केलेल्यांनाच दिसेल अशी. याबद्दल मला उकंडाजींचं मनापासून कौतुक वाटलं. लोक जिथं साखरेचा आजार लपवतात तिथं हे लिहायचं म्हणजे छाती पाहिजे. पण ठरवलं तरी भीती कुठं जाते? एक सभासद म्हणाले, "लिवा, पण अंगावर येऊ नये." दुसरे म्हणाले, "कार्ड पिवळं, मंग ओळबी पिवळीच करा. ज्याले समजाचं त्याले समजते." सगळ्यांना ते एकदम पटलं. रंगाला कारण मिळालं होतं आणि कोणाला काही बोलून दाखवावं लागलं नव्हतं.

मी प्रियंकाकडं पाहिलं. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं! शेठजींचं लाल-हिरवं त्यापेक्षा बरं होतं. मी पाय मागं घेऊन भांडणाची वाट पाहत बसले. प्रियंकानं कीबोर्डवर बोटं ठेवली. मग म्हणाली, "बरं. पिवळी करते."

ती ओळ तिनं पिवळी केली. एखाद्या ठिकाणी ओळ आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती दिसावी, अशी. त्या वेबसाइटसाठी इंदूबाईंना अंगणात बोलावलं गेलं नाही. हे माझ्या ध्यानात आलं, कारण मी सवयीनं विचारलं, "आईनं वाचलं?" ती म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, घाई हाय." या पोरीला रंगाच्या बाबतीत घाई आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

वेबसाइट चालली, चांगलीच चालली. संक्रांतीनंतर फोनवर फोन. डोमाजींनी प्रियंकाची माहिती टाकली होती. एवढंच नाही, संघदीपचीही टाकली होती. संघदीप नको नको म्हणत होता, पण बापाच्या आशेपुढं कोणाचं चाललं नाही.

आणि राजूरहून स्थळ आलं. मुलगा सुमेध, कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, घरी आई आणि सोबत मामा. एकदा येऊन बघून गेले, पसंती कळवली. त्यानंतर दुकानात दुपारचा फोन वाजला की प्रियंका मागच्या दारी जायची. मी म्हणायचे, "राजूरची खाण जवळ सरकली वाटते." ती लाजायची, चक्क लाजायची. तिचा आवाज मऊ झाला, गिऱ्हाइकांशी भांडणं कमी झाली. एका मिठाईवाल्यानं गुलाबी जागेवर पांढरी अक्षरं मागितली तर तिनं फक्त दोनदा समजावलं. मी तिच्यासाठी मनातल्या मनात साडीसुद्धा काढून ठेवली होती. घरात आजाराशी झगडत मोठी झालेली पोरगी एखाद्या बऱ्या घरी जावी, एवढंच मला वाटत होतं.

एप्रिलच्या एका दुपारी संघदीप दुकानात आला. घरून चालत आल्यानं धाप लागली होती. मी त्याला खुर्ची आणि पाणी दिलं. त्यानं मोबाइल काढला आणि बहिणीसमोर धरला.

"माह्या पानावर काय लिहेल हाय ते पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "काहीच नाही दिसलं. मंग तिथं बोट दाबून धरलं."

मलाही त्यानं दाखवलं. अक्षरांवर बोट दाबून धरलं की त्यांच्यामागं निळी पट्टी येते. कोऱ्या वाटणाऱ्या जागेवर त्या पट्टीत पिवळी अक्षरं उभी राहिली: सिकलसेल रुग्ण. मग त्यानं सुमेधचं पान उघडलं आणि तिथंही बोट दाबलं. सिकलसेल वाहक.

"ताई, हे सगळं तूच टाइप केलं ना?"

"हो."

"म्हंजे तुले पह्यल्यापासून माहीत हाय."

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे कोणी गिऱ्हाईक मधे येऊ नये.

"आजकाल पोटातच तपासता येते, संघ्या," ती हळूच म्हणाली. "अन् सगळी लेकरं काही तशी निघत नाही. चारात एक. तीन तर चांगली निघते ना."

"अन् तो एक मी हाय," संघदीप म्हणाला.

त्यानं हे रागानं म्हटलं नाही, हेच वाईट होतं. प्रियंकाचा चेहरा पडला, मग एकदम तापला.

"तुले काय वाटते, मले समजत नाही? तुह्यासाठी पाणी गरम कोण करते? तू कळवळतो तवा तुह्याजवळ कोण बसते? पण आतापरेंत जे जे मले पाह्याले आले, ते कार्डाचं नाव काढलं की चहा न पेता उठले. स्वतःचं कार्ड पांढरं असून उठले! पह्यल्यांदा कोणी चहा पेऊन गेलं, संघ्या. मंडळानं सांगतलं म्हून म्या ओळ पिवळी केली नाही. मले पिवळीच पाह्यजे होती. माही ओळ कोणी वाचू नये असं मले वाटे."

ती टेबलावर डोकं टेकून रडली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटलं. मी ओरडले ते तिसऱ्यावरच, त्या पिवळ्या रंगावर. "या साल्या रंगानं डोस्कं फिरवलं सगळ्यायचं," मी म्हणाले, पण त्यानं काहीच हलकं झालं नाही.

संघदीपनं पाणी संपवलं. "लग्न नको करू असं मी म्हणत नाही, ताई. मी कोण सांगणारा? फक्त त्यायले वाचू दे. वाचून मंग करा."

पुढच्या रविवारी राजूरची माणसं साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला येणार होती. मधले दिवस प्रियंका कामावर येत होती, जात होती. मागच्या दारी फोन घ्यायची, पण लवकर परत यायची. मी विचारलं नाही. मी दर अर्ध्या तासानं चहा मागवत राहिले, ती तो पीत राहिली.

रविवारी सकाळी ती दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली होती. नवी साडी, केसात गजरा. आत येऊन कॉम्प्युटर लावला. त्या ओळीचा रंग एका ठिकाणी पिवळा लिहिला होता, तिथं काळा लिहिला. एवढंच काम. मग एकेक पान उघडून पाहिलं. संघदीप, सुमेध, ती स्वतः, आणि बाकीची कितीतरी पोरं-पोरी, सगळ्यांच्या नावाखाली ती ओळ वर आली. बहुतेकांच्या पुढं "दोष नाही" असंच होतं, तेही आजवर कोणी वाचलेलं नव्हतं.

"मॅडम, दुपारी घरी या," ती म्हणाली. "मले एकटीले नाही जमणार."

मी गेले. अंगणात कडुनिंबाखाली सतरंजी, त्यावर सुमेध, त्याचा मामा आणि डोमाजी. सुमेधची आई इंदूबाईंशेजारी खुर्चीवर. संघदीप दारातल्या खाटेवर. जयभीम झाला, पोहे झाले, चहा झाला. तारखेवर बोलणं आलं, मामांनी खिशातलं छोटं कॅलेंडर काढलं. सुमेध दिसायला साधा, बोलायला मोजका, आणि दर थोड्या वेळानं आतल्या दाराकडं पाहत होता. मला तो आवडला, आणि त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

प्रियंका बाहेर आली. हातात मोबाइल होता.

"आई, जरा उन्हात ये. हे वाच."

इंदूबाईंना केवढा आनंद झाला! त्यांना वाटलं, पोरगी पाहुण्यांसमोर आईचा मान ठेवतेय. सुमेधच्या आईकडं वळून त्या हसत म्हणाल्या, "दुकानातलं काही बी असो, मीच पास करते. माह्याबिगर हिचं पानच हालत नाही." पदर सावरून त्या सावलीच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, बोट ठेवलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागल्या.

"प्रि-यं-का. प्रियंका. शि-क्ष-ण..." शिक्षण वाचून झालं. नोकरी वाचली. मामा कौतुकानं मान हलवत होते. "सि-क-ल... सिकलसेल. वा-ह-क."

त्यांचा आवाज खाली आला, पण त्या घाबरल्या नाहीत. हे तर त्यांना माहीतच होतं, आणि ते वेबसाइटवर आहे, पाहुण्यांनी वाचलेलं आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रियंकानं स्क्रीनवर बोट फिरवलं. "आता हे."

"सु-मे-ध," इंदूबाईंनी वाचलं आणि जावयाकडं बघावं तसं त्याच्याकडं पाहिलं. मग पुढं. शिक्षण. नोकरी. "सिकलसेल. वा..."

तिथं त्या थांबल्या. बोट तिथंच. मग त्यांनी ते अक्षर परत पहिल्यापासून लावलं, चुकलं असेल म्हणून. "वा-ह-क."

डोमाजी उभे राहिले. "पाव्हणे, हे तुमी सांगतलं नाही."

"लिहेल होतं ना, भाऊ!" सुमेधची आई म्हणाली. "आमी फार्मातच लिहून देल्लं होतं. तुमी काही बोलले नाही, म्हून वाटलं तुमाले चालते. पोरगी तुमची साफ हाय म्हून चालत असन. तिच्या पानावर तर काहीच नव्हतं!"

"तिचंबी लिहेल होतं," डोमाजी म्हणाले. "आमाले वाटलं, तुमी वाचलं."

दोन्हीकडचे लोक खरं बोलत होते. दोन्हीकडच्यांनी आपापलं लिहून दिलं होतं आणि समोरच्याचं कोरं पाहून निश्चिंत झाले होते. स्वतःचं पान कोणी उघडून वाचलं नव्हतं, तिथं सगळे फोटोच पाहतात.

सुमेध प्रियंकाकडं पाहत होता. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"फोनवर एवढं बोललो आपण."

"हो," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाटलं, हिनं हे आधी सांगितलं असतं तर!

कोणी भांडलं नाही. मामांनी कॅलेंडर खिशात ठेवलं. जाताना सुमेधच्या आईची पावलं दाराशी थांबली. खाटेवरच्या संघदीपला त्यांनी विचारलं, "लय दुखते का, बाबू?" तो म्हणाला, "कवा कवा." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसून डोळ्यांना पदर लावला.

इंदूबाई अजून उन्हातच होत्या. प्रियंकानं मोबाइल घ्यायला हात पुढं केला. त्यांनी मोबाइल दिला, पण "दिसते" म्हणाल्या नाहीत, "नाही दिसत"ही म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि कपबश्या घासायला बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी पोरीशी बोलणं टाकलं. चार लोकांत आपल्याच तोंडून आपल्या पोरीचं लग्न मोडवलं, हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला होता. मी त्यांची समजूत घालायला गेले तर मला म्हणाल्या, "तुमाले माहीत होतं ना, बाई?" मी चहा न पिता परत आले.

इकडं वेबसाइटवरून रणकंदन माजलं. उमरखेडच्या एका मुलीच्या बापानं फोनवर प्रियंकाला शिव्या घातल्या. एकीची आई नुसतीच रडली. सुमेधचा एक मेसेज आला, "चांगलं केलं." प्रियंका तो पुसतही नव्हती आणि त्याला उत्तरही देत नव्हती. गजरा घातलेल्या त्या सकाळनंतर मी तिला मागच्या दारी जाताना पाहिलं नाही.

उकंडाजी दुकानात आले ते घामाघूम. "उज्ज्वलाबाई, हिले सांगा, ओळ पिवळी कर म्हणा."

"तुमीच सांगा. तोंड हाय ना तुमाले," मी म्हणाले. मी काही या भानगडीत गोड बोलणार नव्हते.

"आमी लिवाचं ठरवलं हेच मोठं होतं, बाई. पण पोरीयचे बाप घरी येऊन बसते. लगीन मोडले तर मी कोणाकोणाले तोंड दाखवू?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, आणि माझा अर्धा राग तिथंच ओसरला.

"काढून टाका ना ओळच," प्रियंका म्हणाली. "पण लिहाची असन तर दिसन अशी लिहा. आहे बी अन् दिसत बी नाही, असं मी करणार नाही आता. एकडाव केलं म्या."

मंडळानं विहारात सभा लावली. मी मंडळाची नाही की त्यांच्या समाजाची नाही, पण वेबसाइट माझ्या दुकानाची म्हणून मागं जाऊन बसले. सभागृह भरलेलं, खिडक्यांना पडदे, वर ट्यूबलाइट. उकंडाजींनी मधला मार्ग शोधून आणला होता. यवतमाळच्या कोणा मुलाकडून त्यांनी नमुना करून घेतला होता: ओळ काळीही नाही, पिवळीही नाही, फिकट राखाडी. त्यांनी मोबाइल रांगेतून फिरवला. "पाहा, दिसते का नाही?" लोक डोळे बारीक करून पाहत होते आणि सुटल्यासारखे म्हणत होते, दिसते की. बरं आहे हे. प्रियंका भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकदा तोंड उघडलं, पण कोणी तिच्याकडं पाहिलं नाही.

"इंदूबाई," उकंडाजी म्हणाले, "सगळ्यात जास्त तुमच्यावर बेतलं. लेकीपायी तुमाले झालेलं दुःख आमाले माहीत हाय. तुमीच सांगा आता. तुमी हो म्हटलं तर सभा संपली."

त्यांनी मोबाइल इंदूबाईंच्या हातात दिला. बायांच्या घोळक्यात बसलेल्या इंदूबाई उठल्या. मला वाटलं, तिथंच बघून हो म्हणतील. त्या माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापाशी गेल्या, चप्पल न घालताच बाहेर पडल्या आणि तापलेल्या फरशीवर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. सगळे माना वळवून बघायला लागले. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. नाव लावून वाचलं. बोट खाली सरकलं, थांबलं, जरा मागं आलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरपा करून पाहिला. तळपाय भाजत असणार, पण त्यांनी घाई केली नाही.

मग त्या उंबऱ्यापर्यंत परत आल्या.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"अवो इंदूबाई, आत या ना, आत दिसते..."

"नाही दिसत, भाऊ." मोबाइल त्यांनी उकंडाजींकडं दिलाच नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या प्रियंकासमोर धरला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या. "काळी कर वो."